फाटकाबाहेरची आई

मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला भेटणाऱ्या बायका अजूनही विचारतात, "वसुधा, तू शाळेत नेमकं करायचीस तरी काय? शिकवत तर नव्हतीस." मी खरं ते सांगते. मुलींसाठी आलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या मी वाचायची, आणि त्याही ख्रिस्ती दृष्टीनं. ऐकणारी आधी हसते, मग माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघते, आणि मग विषय बदलते. या दिवाळी अंकाच्या निमित्तानं तो बदललेला विषय पुन्हा मूळ जागी आणते.

आम्ही देशकर रायपूरच्या पुरानी बस्तीतले. भोसल्यांच्या कारकिर्दीत कोणी एक पूर्वज नागपूरहून इकडे लिखापढीच्या कामाला आला आणि इथलाच झाला. सासूबाई मात्र वर्ध्याकडच्या. माझी नोकरी ठरली तेव्हा त्या म्हणाल्या, "काहून वं, गोष्टी वाचाचा पगार देऊन राहिले तुले? आन् तेही इसाई चष्मा लावून?"

"हो, आई."

"मंग मले बी लावून दे. मले दुपारची झोप नाही येत."

शाळा मिशनची, मुलींची, शहरातल्या जुन्या शाळांपैकी एक. नाव सांगत नाही. मी तिथली ग्रंथपाल. मुख्याध्यापिकांना सगळे 'बडी दीदी' म्हणत, शिपायापासून संचालकांपर्यंत. उंच, सावळ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्या पिढ्यान् पिढ्यांच्या ख्रिस्ती, इथल्याच मातीतल्या. बोलायच्या हिंदीत, चिडल्या की छत्तीसगढीत. इथं बरंचसं मराठीत करून सांगते आहे.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि वर्षभरात शाळेचा चेहरा बदलला. बदली होऊन शंकर नगरात राहायला आलेल्या साहेबलोकांच्या मुली आमच्याकडे दाखल झाल्या. त्यांना पुस्तकं हवी होती, आणि त्यातही ऐतिहासिक कादंबऱ्या. राण्या, किल्ले, वेढे, वेष पालटून पळालेली राजकन्या. इतिहासाच्या तासाला पेंगणाऱ्या पोट्ट्या लायब्ररीत तीच सनावळी डोळे फाडून वाचत. दीदींनी कपाटं वाढवली आणि मला बोलावून सांगितलं, "ऐतिहासिक कादंबरी तू वाचल्याशिवाय मुलींच्या हातात जाणार नाही. वाचून एक पान लिहायचं, मसीही नज़रिए से."

"दीदी, मी ख्रिस्ती नाही."

"मालूम है. आपले लोक काय करतात, पुस्तकात एखादा भला पाद्री भेटला की खूश होतात आणि पुढचं वाचतच नाहीत. तू शेवटपर्यंत वाचशील."

हे काम बाहेरच्या माणसाला वाटतं तसं नाही. चुका पकडणं हा त्यातला सोपा भाग. आगगाडी यायच्या आधीच्या काळात स्टेशनवर निरोप दिला जातो, हजार वर्षांपूर्वीची राणी टोमॅटोचं सार पिते, असलं काही चार-सहा महिन्यांत कोणालाही दिसायला लागतं. मी पहिल्या पुस्तकावर असल्याच चुका लिहिल्या आणि खाली जोडलं, 'ख्रिस्ती धर्माचा उल्लेख नाही.' दीदींनी पान परत केलं.

"उल्लेख नसू दे. मला हे सांग, या पुस्तकात असा कोणी आहे का, की त्याला मारलं तरी वाचणारीला काहीच वाटू नये?"

मी पुन्हा वाचलं. लढाईची कादंबरी होती, झपाटून टाकणारी. शत्रूचे सैनिक पानोपानी गवतासारखे कापले जात होते आणि एकालाही नाव नव्हतं. मी तसं सांगितलं. दीदी म्हणाल्या, "देवानं तसा माणूस अजून बनवलेला नाही. हे लिही."

मला वाटलं, आता पुस्तक कपाटात बंद. पण त्यांनी ते मुलींना द्यायला सांगितलं. फक्त शनिवारच्या वाचनाच्या तासाला मी मुलींना म्हणायचं की, त्यातल्या कापल्या गेलेल्या कोणत्याही एका सैनिकाला नाव द्या आणि त्याच्या घरी ही बातमी कशी पोचली ते लिहा. एका मुलीनं असं लिहिलं की तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. त्या दिवशी मला माझं काम कळलं. पुस्तक अडवायचं नसतं, पुस्तकानं ज्याच्याकडे पाठ फिरवली आहे त्याच्याकडे मुलीला बघायला लावायचं असतं.

सगळंच इतकं गोड नव्हतं. एकदा एक बडे अधिकारी पुस्तक हातात घेऊन थेट लायब्ररीत आले. जुन्या काळातली एक मुलगी गोऱ्या मडमेकडे लपूनछपून अक्षरं शिकते, अशी ती कथा. "ये आप लोगों का प्रचार है," म्हणाले. मी म्हटलं, "सर, बैठिए. मैं देशकर हूँ, कल मेरा वटसावित्री का उपवास था, आज थोड़ी थकी हूँ. तुम्ही वाचा, मी ऐकते." ते बसले. मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, मग हळू, मग मनातल्या मनात. शेवटी ड्रायव्हर बोलवायला आला तेव्हा म्हणाले, "इसे दो दिन रख सकता हूँ?" मुलीच्या नावावर दिलं.

पण ज्या पुस्तकासाठी हे सगळं लिहायला बसले, ते बाहेरून आलेलं नव्हतं. ते घरचंच होतं.

आमची शाळा सुरू झाली ती त्या काळापासून शंभर वर्षं मागच्या मोठ्या दुष्काळात, अनाथ मुलींचा आश्रम म्हणून. मोठा वर्धापनदिन जवळ आला तेव्हा संचालक मंडळातले दास सर यांनी त्या काळावर मुलींसाठी कादंबरी लिहिली. दास सर म्हणजे हिंदीचे निवृत्त प्राध्यापक, चर्चमधले वडीलधारे, अत्यंत सज्जन माणूस. माझे यजमान कॉलेजात त्यांचेच विद्यार्थी. कादंबरी समारंभात प्रकाशित व्हायची होती आणि सातवीपासून पुढच्या प्रत्येक मुलीनं ती वाचायची होती. हस्तलिखित आधी माझ्याकडे आलं, नियमाप्रमाणे.

मी ते रडत वाचलं. सुकवारो नावाची सहा वर्षांची मुलगी, भेगाळलेली शेतं, आश्रमाचं फाटक. आई तिला फाटकापाशी बसवते आणि मागे वळूनही न बघता निघून जाते. मिशनच्या मॅडम तिला उचलून घेतात. ती शिकते, शिक्षिका होते. भाषा सुंदर, पटकीच्या साथीचं वर्णन तर अंगावर काटा आणणारं. सगळं उत्तम होतं, आणि तरी एक वाक्य मला सोडेना. मागे वळूनही न बघता.

मी पानावर लिहिलं: 'मॅडम चांगली दिसावी म्हणून आईला वाईट केलं आहे का?'

दीदींनी ते वाचलं. मग म्हणाल्या, "सुकवारो खरी होती. फूलबाईची आई."

फूलबाई म्हणजे शाळेच्या वसतिगृहाच्या जुन्या मेट्रन. ऐंशीच्या पुढच्या, चर्चच्या मागच्या खोलीत एकट्या राहत. मी दुसऱ्याच दिवशी गेले. गोल बाजारातून त्यांच्यासाठी मऊ चपला घेऊन गेले होते, कारण रिकाम्या हातानं जाऊन कोणाची आई कशी मागायची? त्यांनी चपला घालून बघितल्या, दोन पावलं चालल्या, आणि कादंबरीचं ते प्रकरण मी वाचून दाखवलं तेव्हा डोळे मिटून ऐकलं.

"दास बाबूनं छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण दाई परत आली होती."

दाई म्हणजे इकडे आई; 'मोर दाई', माझी आई, म्हणजे सुकवारो, आणि नुसती 'दाई' म्हणजे सुकवारोची आई. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हव. परत आली होती. पाऊस झाला, धान कापलं, की आली. मोर दाई सांगायची, ती व्हरांड्यातून ओरडली, दाई आली, दाई आली. मॅडमनं फाटक नाही उघडलं. म्हणाल्या, पोरगी पुन्हा उपाशी मरेल, इथं शिकेल. मग दाई तिथंच बसली. संध्याकाळी गेली. दर साली धान कापलं की यायची. फाटकाच्या सळ्यांतून खाऊ द्यायची. मग एका साली नाही आली."

मी म्हटलं, "म्हणजे मॅडम वाईट होत्या?"

फूलबाईंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या वसतिगृहातल्या खोटं बोलणाऱ्या मुलीकडे बघत असतील. "वाईट? पटकी आली तेव्हा पोरींची ओकारी त्या दोन्ही हातांनी काढायच्या. माझं नाव त्यांनी ठेवलं. म्हातारपणी आपल्या मुलुखाला परत जायच्या आदल्या दिवशी मोर दाईकडे आल्या. अब्बड़ रोइस, खूप रडल्या. म्हणाल्या, सुकवारो, मी फाटक उघडायला हवं होतं, मला माफ कर."

"मग?"

"मोर दाईनं सांगितलं, मॅडम, माझ्या वाटची माफी मी देते. दाईच्या वाटची मी कशी देऊ? ती तर नाही." फूलबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "दोघी गळ्यात पडून रडल्या. बस्."

मी चालत घरी आले. इतकी पुस्तकं वाचली होती, पण क्षमेबद्दल इतकं नेमकं मी कुठं वाचलं नव्हतं.

दीदींच्या खोलीत दास सरांना बोलावलं. मी सगळं सांगितलं. सर आधी ऐकत होते, मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"वसुधा, तुम समझ रही हो तुम क्या कह रही हो? लोक आधीच म्हणतात, या लोकांनी पोरं पळवली. आता आपणच छापून त्यांच्या हातात द्यायचं?"

"सर, मी फक्त..."

"आणि ही साक्ष नाही, उपन्यास आहे! लेखकाला कल्पना करायचा हक्क आहे."

हे मात्र मी रोज हाताळत होते, म्हणून इथं मी गप्प बसले नाही. "आहे ना, सर. जे कोणालाच माहीत नाही तिथं हवी तेवढी कल्पना करा. सुकवारो रात्री काय स्वप्न बघायची, लिहा. पण आई परत आली होती हे माहीत असलेलं माणूस चर्चच्या मागे राहतंय. तेरा वर्षांची मुलगी उपन्यास आणि साक्ष वेगळं नाही करत, सर. तिला ही आई जन्मभर अशीच आठवेल, पाठमोरी."

"दास भैया," दीदी शांतपणे म्हणाल्या, "मेलेली बाई उठून सांगायला येणार नाही की मी वळून बघितलं होतं. म्हणून तिच्याबद्दल खोटं बोलणं सोपं आहे. खोटी साक्ष देऊ नकोस, ही आज्ञा आपल्याला आहे ती त्यासाठीच. तुम्ही एकदा फूलबाईकडे जा. तोपर्यंत पुस्तक माझ्या लायब्ररीत येणार नाही."

"मी संचालक मंडळात आहे, दीदी."

"माहीत आहे. मंडळाला सांगा की मी अडवलं."

त्यांनी सांगितलं. मंडळाची बैठक झाली. दीदींची मुदतवाढ पुढच्या वर्षी मंडळापुढे यायची होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी म्हणालं, एका म्हातारीच्या आठवणीवर शाळेची बदनामी नको. कोणी म्हणालं, देशकर मॅडमला काय कळतं आपल्या मंडळीतलं. हे मला थेट कोणी सांगितलं नाही, पण स्टाफरूमच्या भिंती पातळ होत्या. दीदी बैठकीतून आल्या आणि मला म्हणाल्या, "वर्धापनदिनाला पुस्तक नाही. स्मरणिका निघेल, फोटोंची. चल, चहा पिऊ."

दास सर पुढे कितीतरी आठवडे आमच्याशी बोलले नाहीत. रस्त्यात दिसले तर यजमान वाकून नमस्कार करायचे आणि सर फक्त मान हलवायचे. मला त्याचं फार लागलं, पण माझं पान मी बदललं नाही.

मग एका दुपारी ते लायब्ररीच्या दारात उभे राहिले. "येतेस का माझ्याबरोबर, फूलबाईकडे? एकट्यानं जायला पाय उचलत नाही."

फूलबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः खाटेवर बसल्या. मला वाटलं सर सुकवारोबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"फूल दीदी, माझी आजीपण इथंच वाढली. याच आश्रमात. तिला सांगितलं होतं की तुझी आई तुला टाकून गेली, वळूनही पाहिलं नाही. आजी मरेपर्यंत हेच म्हणायची. लहानपणी मीही तिच्या मांडीवर हेच ऐकलं." मला तेव्हा उमगलं, ते वाक्य त्यांनी कल्पनेनं लिहिलेलंच नव्हतं. "अजून कोणाच्या आया यायच्या का? की फक्त तुमच्याच दाईची?"

फूलबाई खाटेवरून पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "हव. यायच्या. मोर दाई सांगायची, धान कापलं की फाटकाबाहेर झाडाखाली बायकांची रांग बसायची. सगळ्यांना नाही दिसायच्या आपल्या पोरी. पोरी मागच्या बाजूला कामाला असायच्या."

"माझी आजी मागे स्वयंपाकघरात असायची," सर म्हणाले.

ते उठले, बाहेर गेले आणि ओट्यावर उभे राहून रडले, लहान मुलासारखे, तोंड न झाकता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपली पणजी कदाचित तिथं बसली असेल हे त्या दुपारी कळलं. कदाचित. जास्त काही कळायला वाट नव्हती. गावाचं नाव नाही, आईचं नाव नाही, घराण्याचं नावसुद्धा आश्रमातच मिळालेलं.

नंतर काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट मला हवा तिथं करता येईल. सरांनी ते प्रकरण नव्यानं लिहिलं आणि मॅडमच्या माफीचंही एक प्रकरण घातलं. पुस्तक समारंभानंतर वर्षभरानं निघालं. सर ज्याला भीत होते तेही थोडं झालं. एका स्थानिक पेपरात कोणीतरी फक्त फाटक बंद ठेवल्याचा भाग उचलून लिहिलं, पटकी आणि माफी गाळून. मंडळानं दीदींकडे बोट दाखवलं. त्यांना मुदतवाढ मिळाली नाही. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण करायला मंडळातलं दुसरं कोणी उठलं नाही, तेव्हा दास सर उठले आणि माइकशिवाय बोलले. दीदी आणखी चार वर्षं राहिल्या असत्या तर ती शाळा कुठं गेली असती, याची हळहळ मला अजून वाटते. त्यांना वाटत नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पछतावा काहे का? किताब तो शेल्फ पर है." मीही पुढे निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं, त्यांच्याच रीतीनं, आणि चांगलं केलं. हे मी नम्रपणा बाजूला ठेवून सांगते.

आता तो शनिवार. पुस्तक छापून आल्यावर दीदींनी, शाळेतल्या त्यांच्या शेवटच्या महिन्यात, आठवीच्या वाचनाच्या तासाला दास सरांना बोलावलं. फूलबाईंना रिक्षानं आणलं. त्यांच्यासाठी पुढे हाताची खुर्ची ठेवली, मुली सतरंजीवर आणि बाकांवर. सर फाटकाचं प्रकरण वाचायला लागले. आई गाठोडं सोडते आणि सळ्यांतून मुलीच्या हातावर चिवडा ठेवते, तिथं फूलबाईंनी हात वर केला.

"चिवड़ा नोहय, बेटा. मुर्रा. मुर्रा के लाड़ू."

मुर्रा म्हणजे मुरमुरे. मुली हसल्या. सरांनी खिशातलं पेन काढलं, छापलेल्या नव्याकोऱ्या पुस्तकात तिथल्या तिथं दुरुस्ती केली आणि पुढं वाचलं.

वाचून झाल्यावर मुलींची भांडणंच लागली. एक म्हणाली, "गेट खोलना चाहिए था, माँ है." दुसरी म्हणाली, "और फिर अकाल पड़ता तो?" तिसरी म्हणाली, दोघींना आत घ्यायला काय झालं होतं? या प्रश्नावर दीदींनी माझ्याकडे बघितलं. शंभर वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं.

मग मागच्या बाकावरची, शंकर नगरातून येणारी एक गप्प मुलगी उभी राहिली. "दादी, आपकी माँ को गुस्सा नहीं आता था?"

"यायचा ना," फूलबाई म्हणाल्या. "मॅडमवर यायचा, उघडलं नाही म्हणून. दाईवर यायचा, पहिल्यांदा सोडलंस काहून म्हणून. म्हातारी झाली तशी राग गेला. मग दोघींचा फोटो मागायची. मॅडमचा फोटो आहे, ऑफिसात लावलेला. दाईचा कुठून असणार? तिचा फोटो कोण काढणार? मग मोर दाई मला समोर बसवून सांगायची, ती कशी दिसायची ते. विसरू नये म्हणून."

"कैसी दिखती थीं?" मुलीनं विचारलं.

फूलबाईंनी हात उचलले आणि हवेतच आधी कपाळ दाखवलं, रुंद, मग हनुवटीवरचं गोंदण. दास सरांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि ते मुलींच्या मध्ये, पुढच्या बाकावर जागा करून घेऊन, ऐकायला बसले.